दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिका ताईंचं मोठं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात असा. मिस्टरांचं वय ५१, त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मागच्या वर्षी सोयाबीनचे भाव पडले, शेतकऱ्यांकडची उधारी अडकली आणि यांची झोप गेली. पहाटे तीनला उठून बसायचे, दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी नुसते गल्ल्याकडे बघत राहायचे. एप्रिलमध्ये लातूरला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, एस्सिटालोप्राम १० ही डिप्रेशनची गोळी चालू झाली, पाच-सहा आठवड्यांनी माणूस हळूहळू परत आला. आता सात महिने होत आलेत. धाकटे दीर म्हणतात, "मेंदूच्या गोळ्या आहेत, पेशी मारतात, सवय लागते, बंद करा." पुण्यात बी.फार्म. करणारा भाचा दिवाळीला आला तो म्हणाला, "उलट ह्याने मेंदूत नव्या पेशी तयार होतात मामी," आणि व्हिडिओ दाखवला. ताईंना हायसं वाटलं. पण तो व्हिडिओ बघायला बारावी आणि नीटचा अभ्यास करणारा १७ वर्षांचा मुलगाही शेजारीच बसला होता. पंधरा दिवसांनी ताईंनी दहाची स्ट्रिप हातात घेतली तर हिशोबाने चार गोळ्या कमी. मुलगा म्हणाला, "लक्षात राहावं म्हणून घेतल्या." मिस्टरांना अजून हे सांगितलेलं नाही. ताई विचारतात, पेशी वाढतात की मरतात, गोळी किती दिवस चालू ठेवायची, मुलाला काही झालं असेल का, आणि घरात सांगायचं कसं.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, बाकीचे थोडे थांबू शकतात.

दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, त्याही वेगवेगळ्या दिवशी, एवढ्याने मुलाच्या मेंदूचं कायमचं काही बिघडलं असेल अशी भीती बाळगू नका. मळमळ, डोकं जड, झोप उडणं असलं काही झालं असेल तर तेही एव्हाना ओसरलं असेल. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. कोवळ्या वयात ह्या गोळ्यांनी काही मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थपणा वाढतो, जीव नकोसा होण्याचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा गोळी घेणाऱ्या मुलांपैकी साधारण ४ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्के मुलांमध्ये असे विचार किंवा वागणं दिसलं. त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलाने जीव दिला नव्हता, हेही सांगायला हवं. तरी औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना लागू झाला. म्हणून डॉक्टर ह्या वयात गोळी देतात तेव्हा पहिले काही आठवडे मुलावर नजर ठेवतात. तुमच्या मुलाने ती नजर टाळून घेतली, खरी काळजी तिथे आहे. पुढचे काही दिवस त्याची झोप बघा, चिडचिड बघा, एकदम गप्प किंवा एकदम सुसाट वाटतोय का बघा, आणि काही खटकलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पण मला तुमचं एक वाक्य जास्त खटकलं. तुम्ही लिहिलंय, "तसा तो हुशार आहे, उगाच प्रयोग केला." उगाच? लातूर पॅटर्नमधली पोरं मी पाहिलीत, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रात्री टेस्टचा पेपर, आणि घरी फोन केला की पहिला प्रश्न "किती पडले?" अशा मुलाच्या हाताला वडिलांची डिप्रेशनची गोळी लागते आणि तो ती चार वेळा घेतो, तेव्हा त्यातला स्मरणशक्तीचा भाग किती आणि "मलाही पप्पांसारखं होतंय की काय" हा भाग किती, हे त्याला कोणी विचारलंय का? रागाने नाही, जेवण झाल्यावर, फोन बाजूला ठेवून. नीट झोप लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का, मरून जावंसं कधी वाटलं का. हे शेवटचं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसले विचार घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

आणि घरात कुणाचीही अशी गोळी चालू असेल त्या सगळ्यांसाठी, गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात. तुमच्याकडे तर दुसरीही एक गोष्ट आहे जी तुम्ही लिहिली नाहीत पण मला वाचताना लगेच दिसली. मिस्टर दिवसभर कीटकनाशकांच्या मांडणीसमोर बसतात. त्या वाईट महिन्यांत त्यांच्या मनात काही आलं होतं का, तुम्ही विचारलंत? नसेल तर आता बरे असताना विचारा. आणि परत कधी ती पहाटेची जाग सुरू झालीच तर दुकानाची किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे, हे आत्ताच त्यांच्याशीच बोलून ठरवून ठेवा. टेलि-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाला पण दिसेल.

आता पेशी. मी वीसेक वर्षं औषधशास्त्र शिकवलं (मानसोपचारतज्ज्ञ मी नाही, हे आधीच सांगते) आणि "सिरोटोनिन कमी पडतं म्हणून डिप्रेशन येतं, गोळी ते वाढवते म्हणून बरं वाटतं" असं पेपरात लिहिणाऱ्या पोरांना मी बिनदिक्कत पूर्ण मार्क दिलेत. आज देणार नाही. मेंदूतल्या काही पेशी पुढच्या पेशीला निरोप देताना सिरोटोनिन सोडतात आणि उरलेलं परत आत ओढून घेतात, गोळी ती परतीची वाट अडवते, इतकं बरोबर आहे. पण ही वाट पहिल्या गोळीनंतर काही तासांतच अडते. तुमचे मिस्टर मात्र पाच-सहा आठवड्यांनी माणसात आले. मग मधल्या काळात आत काय चाललं होतं? २०२२ मध्ये सगळा जुना अभ्यास एकत्र चाळून एक मोठा आढावा आला, त्यातही डिप्रेशन म्हणजे सिरोटोनिनची कमतरता ह्याला ठोस पुरावा सापडला नाही. त्यावरून "गोळ्याच खोट्या" असं म्हणणारे म्हणालेच, पण ताप उतरवायची गोळी लागू पडते म्हणून ताप काही त्या गोळीच्या कमतरतेने आलेला नसतो ना.

तर ह्या मधल्या आठवड्यांच्या कोड्यातून तुमच्या भाच्याचा व्हिडिओ जन्माला आलाय. अमेरिकेत येल विद्यापीठात २००० साली उंदरांना दोन ते चार आठवडे डिप्रेशनची औषधं दिली, तर हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नव्या पेशी जास्त दिसल्या. थोडेच दिवस दिली तर नाही. (हा भाग दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक, साधारण करंगळीएवढा, आठवणी आणि भावना दोन्हींशी त्याचा संबंध.) आणि दिरांसाठी एक मुद्दा, त्याच प्रयोगात हॅलोपेरिडॉल हे दुसऱ्या आजाराचं औषध दिलं तेव्हा पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे "मेंदूच्या गोळ्या" असं एकच पोतं नसतं, प्रत्येकीचं काम वेगळं. मग २००३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांच्या त्याच भागावर क्ष-किरण सोडून नव्या पेशी होणंच बंद केलं, आणि औषधाचा गुणही गेला. सगळ्यांना वाटलं, सापडलं! पण पुढे दुसऱ्या जातीच्या उंदरांत पेशी बंद करूनही गुण आला. झालं, परत वाद.

माणसांचं तर अजून वांध्यातच आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक भन्नाट युक्ती केली, ती मला फार आवडते म्हणून सांगते. १९५०-६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत एक विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला होता, तो झाडात गेला, धान्यात गेला, आपल्यात आला, आणि ज्या वर्षी पेशी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएमध्ये अडकून राहिलं, जन्मदाखल्यासारखं. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधला तो कार्बन मोजून त्यांनी हिशोब मांडला की एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज साधारण ७०० नव्या पेशी तयार होतात. मेंदूत निरोप देणाऱ्या एकूण पेशी साधारण ८,६०० कोटी. म्हणजे ७०० ही काय नोकरभरती झाली का! आणि २०१८ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन अभ्यास आले, एक म्हणतो मोठ्या माणसात नव्या पेशी जवळपास सापडतच नाहीत, दुसरा म्हणतो ७९ वर्षांच्या माणसातही सापडतात. तेव्हा भाचा खोटं बोलला नाही, पण उंदराचं उत्तर त्याने मामांना लावून टाकलं.

बरं, समजा वाढल्या पेशी. वाढल्या म्हणजे चांगलंच, हे कोणी सांगितलं? हे तुमच्या मिस्टरांना दुकानात बसल्या जागी कळेल. पाऊस भरपूर, युरिया भरपूर, सोयाबीन कमरेएवढं वाढतं, बांधावरून बघणारा म्हणतो काय पीक आहे, आणि शेंगा मोजायला गेलं तर हाताच्या बोटांवर. नुसती कायिक वाढ. मग तेच शेतकरी त्यांच्याकडे येऊन वाढ रोखायचं औषध मागतात. मेंदूचंही असंच काहीसं, पेशी किती झाल्या ह्यापेक्षा कुठे झाल्या, कशाला जोडल्या गेल्या, वापरात आल्या का, ह्यावर सगळं.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, ह्याची परीक्षा खरोखर झालीये. लकवा झालेल्या माणसाच्या मेंदूला सावरायला फ्लुओक्सेटिन द्यावी, ही तुमच्या मिस्टरांच्या गोळीची बहीणच, अशी कल्पना निघाली. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हातापायांची हालचाल खरंच जास्त सुधारलेली दिसली, मोठी आशा लागली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर सहा महिने करून पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला. रोजच्या जगण्यातल्या सुधारणेत काहीही फरक नाही. डिप्रेशन थोडं कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ज्यांच्या मेंदूला खरंच दुरुस्तीची गरज होती त्यांनाही ह्या वाटेने फायदा झाला नाही, मग तुमच्या ठणठणीत पोराच्या बायोलॉजीचे मार्क कुठून वाढणार? निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढवायचं हे औषधच नाही. हे त्याला आकड्यांसकट वाचून दाखवा, नीटवाली पोरं आकड्यांना मानतात.

मग गोळी करते तरी काय? मला पटतं ते उत्तर इटलीतल्या एका प्रयोगातलं आहे, २००८ सालचा. मोठे झालेले उंदीर, लहानपणी एक डोळा बंद ठेवल्यामुळे तो आळशी झालेला, म्हणजे डोळा चांगला पण मेंदू त्याचं ऐकत नाही. मोठेपणी हे सुधारत नाही असंच धरून चालतात. त्यांनी पाण्यातून फ्लुओक्सेटिन दिली आणि सोबत चांगला डोळा बंद केला, त्यामुळे आळशी डोळ्याला कामाला लागणं भाग पडलं. नजर परत आली. नंतर उंदरांच्या भीतीवर असाच एक प्रयोग झाला, त्यात नुसती गोळी दिली तर भीती गेली नाही, नुसता सराव दिला तर गेलेली भीती परत आली, दोन्ही एकत्र दिलं तेव्हा टिकाऊ फरक पडला. (आळशी डोळ्याचा प्रयोग माणसांवर केला तेव्हा खात्रीचा फायदा दिसला नाही, हे सांगितलं नाही तर मीही भाच्यासारखीच.)

ह्याला तुमच्याकडे एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी पेरणीजोगी होते ते. गोळी बहुतेक वाफसा आणते. पण वाफसा आला आणि पेरलंच नाही तर तण उगवतं. तेव्हा "गोळीने पेशी वाढतात का" ह्याच्याऐवजी "गेले सात महिने ह्या वाफशात आपण पेरलं काय" असं विचारा. मिस्टरांची झोप आली, दुकान सुरू झालं, छान. पण ज्या उधारीने माणूस झोपला नव्हता त्या उधारीचं काय झालं? वही तशीच आहे का? कोणाकडून किती येणं आहे ते दोघांनी बसून लिहून काढलंत का, यंदा रोखीतच विकायचं की कोणाला किती द्यायचं ह्याची काही मर्यादा ठरली का? डॉक्टरांनी समुपदेशनाबद्दल सांगितलं होतं का, आणि "आपल्याला काय वेड लागलंय का" म्हणून राहून गेलं का? तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो, चौकशी करा.

चालणं पण. हसू नका. ५५ ते ८० वर्षांच्या १२० लोकांना दोन गटांत वाटून अमेरिकेत वर्षभर बघितलं, आठवड्यातून तीन दिवस, शेवटी शेवटी ४० मिनिटं झपझप चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, नुसते ताण द्यायचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. २०११ सालचं आहे हे. तुमच्या मुलाला मेंदूत काही वाढवायचंच असेल तर त्याने वडिलांबरोबर चालायला जावं आणि रात्री झोपावं, कारण दिवसा वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतच करतो, रात्री दोनपर्यंत जागून तो स्वतःच स्वतःची मेहनत पुसतोय.

दिरांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, त्यात एक धागा खरा आहे. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ह्या जातीच्या. मिस्टरांना सुरुवातीला तसली गोळी दिली होती का, आणि अजून कोणी मेडिकलमधून परस्पर आणतंय का, ते तपासा. तीही असेल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून उतरवून घ्या. एस्सिटालोप्रामची तशी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण एकदम सोडली तर शरीर कुरकुर करतं. माझ्या सख्ख्या बहिणीने गणपतीच्या गडबडीत "आता काय, बरी आहे मी" म्हणून एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी मोदकाची उकड काढताना मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होत होतं, चक्कर, रडू, तिला वाटलं आजार परत आला आणि आम्हाला वाटलं दृष्ट लागली. दोन्ही नव्हतं, गोळी एकदम सोडल्याचा परिणाम होता. परत चालू करून मग महिन्या-दीड महिन्यात थोडी थोडी कमी केली, काही झालं नाही.

किती दिवस घ्यायची, तर पहिल्यांदाच आजार आलेल्या माणसाला बरं वाटायला लागल्यापासून साधारण सहा ते नऊ महिने, कधी वर्षभर ठेवतात. बरं वाटल्यापासून मोजायचं, पहिल्या गोळीपासून नाही, इथे खूप जण चुकतात. मिस्टर मेच्या शेवटी सुधारले म्हणजे आत्ता कुठे सहा महिने होतायत. जन्मभर घ्यायची का, तर एकदाच आलेल्या आजाराला सहसा नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खात असतील तर डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ट्रॅमाडॉल असेल तर नक्कीच सांगा. आणि नवरा-बायकोच्या संबंधात काही बदल झाला असेल तर तो ह्या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, लाजेपोटी सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात, त्यापेक्षा सांगितलेलं बरं.

राहिलं घरात सांगणं. तुम्हाला वाटतंय मिस्टरांना कळलं तर ते स्वतःला दोष देतील आणि परत आजारी पडतील. असू शकतं, पण हा माणूस काचेचा आहे असं धरून घरातल्या गोष्टी त्याच्यापासून लपवल्या की त्यालाही तेच वाटायला लागतं. मुलालाच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा. "पप्पा, तुमच्या चार गोळ्या मी घेतल्या" एवढंच वाक्य. माझा अंदाज आहे की पुढचा अर्धा तास गोळ्यांवर नाही, त्या पहाटे तीनच्या जागरणांवर बोलणं होईल, जे वडिलांनी मुलाला कधी सांगितलंच नसेल.

पुढच्या वेळी लातूरला जाल तेव्हा तिघंही जा. अर्धवट झालेली ती स्ट्रिप, झोपेची गोळी असेल तर ती, गुडघ्याच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून न्या, आणि मुलाने किती आणि कधी घेतल्या ते डॉक्टरांना त्यालाच सांगू द्या. गोळी उतरवायची तारीखही तिथेच विचारा. मला विचाराल तर ऐन वसुलीच्या धामधुमीत नको, हरभरा निघून पैसे हातात आले की मग, पण ते तुमचे डॉक्टर ठरवतील, दीर नाही, भाचा नाही आणि मीही नाही.